धूरच्या शेपटीचा चाबूक

धूर नावाचा घोडा मुक्कामाला पोचला, की त्याची सावली येईपर्यंत मालकाची एक चिलीम ओढून व्हायची. कुणाला खोटं वाटत असेल तर तांबड्या ढालीच्या नदीकाठी अजून दोन म्हातारे जिवंत आहेत. त्यांनी त्या सावलीला माळावरून एकटीच धापा टाकत येताना पाहिलंय. रंग राखेचा, शेपटी जमिनीला टेकणारी, आणि स्वभाव मालकासारखाच. एकदा डोक्यात शिरलं की शिरलं.

मालकाचं नाव ओला साळू, म्हणजे भिजलेलं साळिंदर. अंगाने लहान, रागाने मोठा. दुसऱ्या माणसांचा राग गवतासारखा भडकून विझतो. साळूचा राग गव्याच्या शिंगात भरून नेलेल्या निखाऱ्यासारखा. मुक्काम हलवताना बायका असा निखारा शिंगात घालतात, वर कुजकं लाकूड ठासतात, आणि चार दिवसांच्या वाटेनंतर फुंकर मारली की पुन्हा लाल.

त्या उन्हाळ्यात आमच्या साऱ्या शायेन टोळ्या एकत्र उतरल्या होत्या. टेकडीपलीकडे गव्यांचा कळप होता, आणि शिकारीची राखण कुत्रे-शिपायांकडे. लढवय्यांच्या मंडळ्या आमच्यात पुष्कळ आहेत, कुणी कोल्हे, कुणी सांबरशिंगे. पण कुत्रे-शिपाई आले म्हटलं की रडणारी पोरं गप्प बसायची आणि गप्प बसलेले म्हातारे कुरकुरायला लागायचे. शिकारीचा नियम एकच. सगळ्यांनी मिळून निघायचं, एका इशाऱ्याला. त्याआधी कुणी एकट्याने टाच मारली तर कळप उधळतो, आणि मग हिवाळ्यात सगळी वस्ती जुने जोडे उकळून खाते.

साळूची आत्या राखबाई तीन दिवस एकच धोशा लावून बसली होती. तिला गव्याची ताजी जीभ हवी होती. साळू पुढे जन्मभर सांगायचा, की आपण टेकडीवर नुसतं बघायला गेलो होतो, वास लागला तसा धूरच सुटला. घोडा मेल्यावर त्याच्यावर काय हवं ते ढकलता येतं. एवढं खरं, की एक लठ्ठ गाय पडली आणि उरलेला कळप क्षितिजाखाली गेला.

शिपाई आले. सर्वांत पुढे उभा ढग नावाचा गडी. हा माणूस एवढा उंच, की डोक्यावर गार पडली तर पायाशी पोचेपर्यंत तिचं पाणी व्हायचं. त्यांनी साळूला घोड्यावरून ओढलं, चाबकाने झोडलं, त्याचं धनुष्य गुडघ्यावर मोडलं. मग उभ्या ढगाने धूरकडे पाहिलं आणि एका बाणात त्याला आडवा केला.

आता इथे शहाण्या माणसाने खाली बसायचं असतं. मान खाली, तोंड बंद. थोडा वेळ गेला की शिपायांचा राग उतरतो आणि मग त्यांनाच कसंतरी व्हायला लागतं. कुणी धनुष्य आणून देतं, कुणी घोडा, आणि माणूस कधीकधी आला होता त्याहून चांगल्या घोड्यावर बसून घरी जातो. उभ्या ढगानेही म्हणे आपली एक करडी घोडी मनात धरून ठेवली होती.

साळू बसला नाही. तो उठला, आणि उभ्या ढगाच्या जोड्यावर थुंकला.

"बाळ, खाली बस," उभा ढग म्हणाला. "बसलास म्हणून तुझी उंची काही फारशी कमी व्हायची नाही."

शिपाई खो खो हसले. चाबकाचे वळ आठ दिवसांत गेले, पण ते हसू साळूच्या कानात राहिलं. त्याने सुरी काढली, धूरची शेपटी मुळापासून कापली, खांद्यावर टाकली आणि पायी घरी आला. करडी घोडी तिथेच राहिली.

राखबाई तंबूच्या दारात कातडं खरवडत होती.

"जीभ?" तिने विचारलं.

"तुझ्या जिभेपायी माझा घोडा गेला, आत्या!"

"घोडा तुझ्या आडमुठेपणापायी गेला. मी जिभेचं विचारत्येय."

"मी त्याला ठार मारणार."

"मार की." राखबाईने कातडं उलटं केलं. "मग आपल्या टोळ्यांच्या पवित्र बाणांवर आपोआप रक्ताचे डाग उठतील, गवे मुलूख सोडून जातील, आणि तुला हाकलून देतील. आपल्या माणसाला मारणाऱ्याची आतडी आतून सडतात, साळ्या. तू जेवलेल्या वाडग्यात कुत्रंसुद्धा तोंड घालायचं नाही. मी तुझी सख्खी आत्या, पण मीही वारा बघूनच तंबू टाकेन."

साळू मटकन बसला. खाली बसायला त्याला तो दिवसभरातला पहिलाच मुहूर्त सापडला होता.

"मग मी काय करू? त्याचं हसणं ऐकत म्हातारा होऊ?"

राखबाईने शेपटीकडे पाहिलं. बोटांनी केस चाचपले. लांब होते, चिवट होते.

"शायेनाला शायेनाचा जीव घेता येत नाही," ती म्हणाली. "पाठ घेता येते."

"म्हणजे?"

"उभ्या ढगाच्या खांद्यावर काय असतं लढाईला जाताना?"

साळूच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला.

कुत्रे-शिपायांतल्या चौघा निवडक शूरांना पट्टा मिळतो. रुंद कातड्याचा, पिसं आणि साळिंदराचे काटे टाचलेला, खांद्यावरून आडवा घातलेला. त्याचं टोक मागे लोळतं आणि टोकाला असते एक तांबडी खुंटी. लढाईत आपली माणसं मागे हटायला लागली, की पट्टेवाला घोड्यावरून उतरतो, खुंटी जमिनीत ठोकतो आणि तिथेच उभा राहतो. सगळे निसटेपर्यंत तो हलायचा नाही. त्याने खुंटीला हात लावायचा नाही, सोडवा म्हणायचं नाही. त्याच्या मंडळीतल्याच एखाद्या गड्याने परत येऊन खुंटी उपटायची, आणि कुत्र्याला हाकलावं तसं चाबकाने झोडपत त्याला मागे आणायचं. मग त्याच्यावर पळाल्याचा ठपका येत नाही. कुणीच आलं नाही, तर तो तिथेच मरतो.

"त्याला झोडायचा हक्क असलेला माणूस साऱ्या मुलखात एकच," राखबाई म्हणाली. "त्याच्या मंडळीतला. जा, कुत्रा हो."

साळू दुसऱ्याच दिवशी मंडळीचा म्होरक्या लंगडा ससाणा याच्याकडे गेला. सोबत सुकं मांस, रानचेरीची वडी आणि आत्याची सर्वांत चांगली झूल.

"ज्यांनी तुला झोडलं त्यांच्यातच यायचंय?" लंगड्या ससाण्याने भुवया वर केल्या.

"माझी चूक मला कळली, आजोबा."

साळूने जन्मात मारलेली ही सर्वांत मोठी थाप. म्हाताऱ्याने ती चिलमीच्या धुराबरोबर आत घेतली आणि नाकातून हळूच सोडली. "ये," तो म्हणाला. "कुत्र्यांत एखादा साळू असलेला बरा. झोपताना सगळे सावध राहतील."

मग साळू चाबूक वळायला बसला. धूरची शेपटी, मूठ सांबरशिंगाची. एकेक केस तो जिभेवर ओला करून घेई आणि पिळताना पुटपुटे, "हा त्याच्या डाव्या खांद्याला. हा उजव्या. हा त्या हसण्याला." पहिला हिवाळा केस निवडण्यात गेला, दुसरा पीळ भरण्यात. उन्हाळ्यात तो नदीकाठच्या एका कॉटनवुडच्या झाडावर हात बसवी. त्या झाडाची साल अशी सोलली गेली, की पुढेपुढे साळू येताना दिसला की ते मुळं गोळा करून चार पावलं नदीत सरकायचं. अजून पाण्यात उभं आहे, जाऊन बघा.

राखबाई म्हणे, "साळ्या, लग्न कर. पोरी विचारतात."

"आधी पाठ."

"पाठीला पोरं होत नाहीत."

"आधी पाठ, आत्या."

एक अडचण मात्र होती. कुत्रे-शिपाई हरतच नव्हते. तीन उन्हाळे ते लढायला गेले, तीनदा लांडगे लोकांनी त्यांना पाठ दाखवली. लांडगे म्हणजे पॉनी जमात, पूर्वेकडे मातीच्या घरांत राहतात ते. आमचं नि त्यांचं आजोबांच्या आजोबांपासून जमत नाही. प्रत्येक वेळी उभा ढग पट्टा घालून गेला आणि कोरडाच परत आला. खुंटी जमिनीला लागलीच नाही. सगळी वस्ती विजयाचा नाच नाची, आणि साळू कोपऱ्यात तोंड आंबट करून बसे. एका सकाळी तो टेकडीवर गेला, सूर्याकडे हात केले आणि अशी प्रार्थना केली, की कुणा शायेनाने आजवर केली नसेल.

"थोडीशी हार दे. फार नको. कुणी मरायला नको. नुसती एका खुंटीपुरती."

चौथ्या उन्हाळ्यात ती त्याला मिळाली.

लांडग्यांची एक लहानशी शिकारी टोळी दिसली म्हणून शिपाई ओढ्यापलीकडे घुसले, आणि मागच्या घळीतून लांडगेच लांडगे निघाले. त्यांच्या डोक्यावरच्या ताठ शेंड्या मोजायला लागलं तर गवत मोजून आधी होईल. लंगड्या ससाण्याने हाड-शिटी फुंकली. मागे फिरा! घोडी थकलेली, दोघं जखमी, आणि मध्ये मोकळं माळरान.

उभा ढग घोड्यावरून उतरला. घोड्याला थाप मारून हाकलून दिलं. खुंटी टेकवली, दगडाने तीनदा ठोकली आणि लांडग्यांकडे तोंड करून आपलं गाणं सुरू केलं. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या घोड्यांचे कान मागे गेले. कुणी जवळ आला की त्याचा भाला फिरे, आणि जवळ आलेला लांब जाई. तेवढ्यात बाकीचे ओढा उतरून पार झाले.

"पट्टेवाल्याला आणायला कोण जातंय?" लंगडा ससाणा ओरडला.

साळूने केव्हाच घोडा वळवला होता.

जाताना वाटेत, बाण कानाशी गुणगुणत असताना, त्याच्या मनात एक गोड विचार आला. घोडा जरा अडखळला तर? पोचायला जरा उशीर झाला तर? लांडगेच काम करतील. पवित्र बाणांवर डाग नाही, आतड्याला वास नाही. तीस पावलांवर त्याने लगाम खेचलासुद्धा. उभ्या ढगाच्या मांडीत एक बाण रुतला होता आणि त्याचं गाणं अर्ध्या स्वरानेही खाली आलं नव्हतं.

तेव्हा साळूला पुढचं सगळं दिसलं. बायका हे गाणं म्हणतील. पोरांना हे नाव ठेवतील. शंभर हिवाळे लोक सांगतील, उभा ढग कसा उभा राहिला. आणि साळूला कुणी विचारलंच, तर सांगायला त्याच्याकडे एक अडखळलेला घोडा. शिवाय मेलेल्या पाठीवर वळ उठत नाहीत.

"तुला मरू देतो होय?" साळू दात खात म्हणाला. "इतक्या सहजी?"

तो उडी मारून उतरला, चाबूक उगारला आणि पहिला फटका हाणला. सट्!

"हा धूरचा!"

सट्! "हा धनुष्याचा!" सट्! "हा उंचीचा!" चार वर्षं दाबून ठेवलेला निखारा, त्याला आता वारा मिळाला. "चल! चल घरी, कुत्र्या! हल!" सट्! सट्!

उभा ढग हलेना.

"हलत नाहीस?" साळू पिसाळला. त्याला वाटलं, हा मुद्दाम करतोय. चाबूक आणखी जोरात चालला. उभ्या ढगाचं गाणं आता फटक्याच्या तालावर पडायला लागलं. तो मान वळवून खाली बघे, पुन्हा साळूकडे बघे, पुन्हा खाली. बोलणार काय? पट्टेवाल्याने सोडवा म्हणायचं नसतं.

पलीकडे बाण थांबले. एक, दोन, मग सगळे. लांडगे धनुष्यं खाली करून बघत राहिले. त्यांनी आजवर शत्रूला पुष्कळ मारलं होतं, पण शत्रूच शत्रूला एवढं मन लावून मारतोय हे त्यांनी पाहिलं नव्हतं. काही जण घोड्यावरून उतरून गवतात बसले. एकाने चिलीम पेटवली. शेवटी त्यांचा एक म्हातारा, गळ्यात अस्वलाच्या नखांची माळ, घोडा चार पावलं पुढे घेऊन आला आणि हातांच्या भाषेत बोलला, ती या माळावर सगळ्यांनाच येते. त्याने पंजा हलवला, उभ्या ढगाकडे दाखवलं, मग साळूकडे: हा तुमचाच ना?

साळूने धापा टाकत खूण केली: आमचाच.

म्हाताऱ्याने कीव आल्यासारखी मान हलवली. मग बोट खाली केलं आणि जमिनीकडे दाखवलं.

साळूने पाहिलं. तांबडी खुंटी. जमिनीत, होती तश्शी. पट्टा ताणून कडक झालेला. हा माणूस हलणार कसा?

खुंटी आधी उपटायची, मग झोडायचं. हे आमच्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं, आणि चार वर्षं दुसरा विचार न केलेला साळू नेमकं तेवढंच विसरला होता. माळावर अशी शांतता पडली, की टोळाने पाय घासलेला ऐकू यावा. मग लांडगे हसले. अख्खी फौज. घोडीसुद्धा हसली म्हणतात. मी शपथ घेणार नाही, पण नाही असंही म्हणणार नाही.

साळूने लालबुंद होऊन खुंटी उपटली आणि उभ्या ढगाला हाकलायला सुरुवात केली. लांडगे हसून एवढे लोळत होते, की पाठलागाचं कुणाला सुचलंच नाही. माळ पार झाला, ओढा पार झाला. ओढ्याच्या अलीकडे आपली माणसं भेटली की झोडणं थांबवायचं असतं. साळू थांबला नाही. जखमी मांडी ओढत उभा ढग पुढे, सट् सट् करत साळू मागे, ते थेट तंबूंच्या वर्तुळात. राखबाई दारात उभी होती.

"पुरे, साळ्या," ती म्हणाली. "झाडाला सवय होती. हा माणूस आहे."

तेव्हा हात थांबला.

चार दिवसांनी उभ्या ढगाने मेजवानी दिली. जीव वाचवणाऱ्याचा मान करायचा असतो, ती रीतच आहे. भर दुपारी सगळे कुत्रे-शिपाई गोल बसले. उभ्या ढगाला वेताच्या पाठटेकणीला टेकता येत नव्हतं, तो ताठ बसला होता. त्याने गव्याची पहिली जीभ राखबाईला पाठवली. मग एक करडी घोडी आणवली, आता जरा वय झालेली, आणि साळूच्या हातात दोर दिला.

"चार वर्षं ठेवली होती," तो म्हणाला. "तू बसला असतास तर त्याच दिवशी मिळायची."

साळूने दोर घेतला. नाही म्हणणं म्हणजे सगळ्यांदेखत पुन्हा जोड्यावर थुंकणं. पण हिशेब अजून चुकता झाला असं त्याला वाटेना. उभ्या ढगाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग दिसला असता तर साळूला झोप लागली असती.

"दुखतं का रे, दादा?" त्याने लाडीगोडीने विचारलं.

"छे. मुंग्या चालल्यासारखं वाटतं. फार मोठ्या मुंग्या." सगळे हसले. मग उभ्या ढगाने खांद्यावरचा पट्टा काढला. तो खुंटीभोवती गुंडाळला. "मंडळी, मी आता थकलो. पट्टा तरुण खांद्यावर जावा. आणि लांडग्यांच्या अख्ख्या फौजेसमोर उभं राहून, निवांतपणे, आपल्या माणसाला घाम फुटेपर्यंत झोडपणारा दुसरा शूर मला तरी दिसत नाही."

"हाऊ!" सगळ्यांनी एका सुरात होकार दिला.

लंगडा ससाणा चिलीम घेऊन साळूपुढे आला. म्हाताऱ्याचे डोळे चमकत होते.

"आजोबा, मी लहान आहे..."

"उंची कोण बघतं? पट्टा आखूड करून देऊ. ओढ."

साळूने चिलीम ओढली. चिलीम ओढली की शब्द दिला.

"आता एकच मागणं," उभा ढग म्हणाला. त्याने हात पुढे केला. लांब हात, एवढा लांब की गोल ओलांडून थेट साळूच्या कमरेशी आला. "पट्टेवाल्याला सोडवायला जाईल तो माणूस मी. तेव्हा तो चाबूक माझ्याजवळ असलेला बरा. पीळ छान भरलायस. पाठीला ओळखू येतो."

धूरची शेपटी साळूच्या हातातून गेली. मूठ सुटताना त्याने ती क्षणभर जास्तच घट्ट धरली होती.

पुढच्या उन्हाळ्यात साळू रोज सकाळी टेकडीवर जाऊन प्रार्थना करी, की हार नको, जराही नको, एका खुंटीपुरतीसुद्धा नको. पण सूर्याकडे जुनं मागणं आधी पोचलेलं होतं, आणि सूर्य दिलेलं परत घेत नाही.

तोच ओढा, तेच लांडगे. लंगड्या ससाण्याने शिटी फुंकली आणि आपली घोडी मागे वळली. साळू उतरला. खुंटी ठोकली, गाणं धरलं. समोर नखांच्या माळेचा तो म्हातारा होता. त्याने साळूला ओळखलं, घोड्यावरून उतरला, गवत झटकून ऐसपैस बसला आणि शेजारच्याला चिलीम भरायला सांगितली. तरण्या पोरांना मात्र दम नव्हता. त्यांचे बाण यायला लागले. एक ढालीत शिरला, एकाने कानाची पाळी नेली.

मागे टापा वाजल्या. घाईच्या नव्हेत. नदीवर पाणी पाजायला नेल्यासारख्या, सावकाश. टापा थांबल्या. कुणीतरी उतरलं, घोड्याची मान थोपटली, खाकरलं. हवेत एकदा चाबूक फिरल्याचा आवाज आला, नुसताच, हात मोकळा करण्यासाठी. साळूला तो आवाज दहा हजार आवाजांत ओळखू आला असता.

लांब सावली त्याच्या अंगावरून पुढे पडली, थेट खुंटीपर्यंत.

"काय रे, बाळ," उभा ढग वाकून त्याच्या फाटक्या कानाशी म्हणाला, "खुंटी आधी काढू, की नंतर?"

पट्टेवाल्याने उत्तर द्यायचं नसतं. साळूने गाणं आणखी मोठ्याने धरलं.